रक्त, वारसा आणि लेखकाचा पिंड

‘हे त्याच्या रक्तातच आहे’ हे वाक्य आपल्या सभासंमेलनांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यात काही विधान केलेले आहे याचाही आपणांस विसर पडतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील एखाद्या मराठी घराण्यात मोठा लेखक निपजला की, त्याच्या प्रतिभेचे श्रेय आपण त्याच्या पूर्वजांच्या पदरात घालतो. वंशाने व्यक्तिमत्त्व घडते काय, हा प्रश्न मानसशास्त्राचा खरा. परंतु समीक्षेसही तो टाळता येत नाही. लेखकाच्या पिंडाविषयी आपण जे गृहीत धरतो, त्याच दृष्टीने आपण त्याचे लेखन वाचीत असतो.

या प्रश्नाची परीक्षा पाहण्यास मुक्तिबोध बंधूंसारखे दुसरे उदाहरण आम्हांस आढळत नाही. थोरले गजानन माधव १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे जन्मले. धाकटे शरच्चंद्र १९२१ साली इंदूर येथे. आईबाप तेच, घरातील मराठी तीच. तरीही थोरल्यांनी हिंदीत काव्य केले आणि १९४३ च्या ‘तारसप्तक’पासून ते नव्या हिंदी कवितेचे अग्रणी ठरले, धाकट्यांनी ‘नवी मळवाट’ (१९४९) आणि ‘यात्रिक’ (१९५७) हे संग्रह मराठीस दिले.

भेद केवळ भाषेचा नाही. गजानन माधवांची दीर्घ कविता अंधारातून, भुयारांतून, ओसाड बारवेतून वाट काढते. तिच्यातील ‘मी’ स्वतःवरच खटला भरतो आणि निर्णय लांबणीवर पडत जातो. शरच्चंद्रांची कविता उघड्या रस्त्यावर येते व समोरच्या माणसाशी थेट बोलते. तिला पुढील वाटेचा भरवसा आहे. एकाचा पिंड आत्मशोधकाचा, तर दुसऱ्याचा सहप्रवाशाचा. रक्तच जर पिंड घडवीत असते, तर एवढे अंतर एकाच छपराखाली पडले नसते.

यावर कोणी म्हणेल की, दोघेही मार्क्सवादाकडे वळले, दोघांनीही काव्याबरोबर समीक्षा लिहिली. हे साम्य कुळाचेच नव्हे काय? आमचे उत्तर असे की, मार्क्सवाद कोणत्याही मराठी घराण्याच्या कुळाचारात नव्हता. तो त्या पिढीच्या अनेक तरुणांना पुस्तकांतून, मित्रमंडळींतून आणि महायुद्धाच्या काळातील अस्वस्थतेतून लाभला. साम्याचे कारण काळात शोधावयाचे ते आपण कुळात शोधतो, ही समीक्षेची चूक होय.

उलट बाजूनेही पाहता येईल. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात मराठीचा जो उमाळा आहे, तो कोणत्या पूर्वजांनी त्यांस दिला? इकडे धारवाडचे द. रा. बेंद्रे मराठी घरात जन्मले, पण कन्नडचे महाकवी झाले आणि १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने त्या भाषेचा गौरव वाढविला. त्यांनी ‘अंबिकातनयदत्त’ या नावात आईला जपले; काव्याची भाषा मात्र भोवतालच्या लोकांची घेतली. एकाने रक्ताबाहेरची भाषा कष्टाने आपली केली, दुसऱ्याने घरचे ऋण मान्य करून निराळी वाट धरली.

आनुवंशिकता मुळीच नाही, असे आमचे म्हणणे नाही. व्यक्तीव्यक्तींच्या स्वभावगुणांत जे भेद दिसतात, त्यांपैकी साधारण ४० ते ५० टक्के भेदांचा संबंध जनुकांशी असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. परंतु हा हिशेब एका समूहातील व्यक्तीव्यक्तींमधील भेदांचा आहे. त्यावरून एखादी जात, वंश वा आडनाव यांचा स्वभाव ठरत नाही. शिवाय सख्ख्या भावंडांतही जनुकांचे वाटप निरनिराळे होते. चपळ वा मंद, भिडस्त वा धीट अशी प्रकृती जन्मतः मिळू शकेल. तिने कोणत्या भाषेत आणि कशासाठी बोलावे, हे जन्म सांगत नाही.

मग वारसा म्हणजे काय? आमच्या मते, तो रक्तातून आपोआप उतरत नाही. कोणीतरी तो रोज हातात द्यावा लागतो. संध्याकाळी म्हटलेले पाठ, आजीची गोष्ट, वाचनालयातील फाटके पुस्तक, वर्गात मोठ्याने वाचलेली कविता या त्याच्या वाटा आहेत. त्या बंद झाल्या की, आडनाव मराठी राहते आणि मराठी जाते.

शाळेत नव्या मुलाचे आडनाव ऐकून त्याच्या बुद्धीचा अदमास बांधण्याची खोड आम्हां शिक्षकांस आहे. आम्हीही तिच्यातून सुटलो होतो असे नाही. या खोडीने दोन अन्याय होतात: नावाजलेल्या घरच्या मुलाकडून आपण जे मागतो ते त्याचे नसते, आणि अनामिक घरच्या मुलाकडून आपण काही मागतच नाही. त्याहून मोठा धोका संस्थांना आहे. ‘मराठीपण रक्तात आहे’ अशी एकदा खात्री पटली की, मराठीचा वर्ग चालविण्याचे कष्ट अनावश्यक वाटू लागतात. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या संस्थांनी थोरांच्या वंशावळी जरूर वाचाव्यात. परंतु त्या वाचून झाल्यावर, उद्याच्या वर्गात कोणते पुस्तक उघडावयाचे, याचाही विचार त्याच बैठकीत करावा.