शिकारीतले गाळलेले दिवस

शिकाऱ्याच्या गोष्टीतला वाघ दर खेपेस हातभर वाढतो आणि भोयाच्या गोष्टीतला मासाही त्याच हिशेबाने वाढतो, हे आपल्याकडे कोणालाही नवे नाही. माजलगावच्या धरणाकाठी एखाद्या भोयाला विचारावे, तर गेल्या पावसाळ्यात जाळे फाडून गेलेली मरळ तो दोन्ही हात फाकून दाखवतो. पुढल्या वर्षी तेच हात आणखी थोडे फाकतात. तरीही ऐकणाऱ्यांपैकी कोणी त्याला खोटारडा म्हणत नाही. सांगणारा वाढवून सांगणार आणि ऐकणारा मनातल्या मनात तेवढे कापून घेणार, हा त्या बैठकीचा जुना करार आहे. दोन्ही बाजूंना तो ठाऊक असतो, म्हणून तिथे अतिशयोक्ती असते पण फसवणूक नसते.

आता चावडीवरची ती बैठक बहुतेक गावांतून उठली आहे. तिची जागा दूरचित्रवाणीने घेतली. जंगलात एकटा उतरणारा साहसवीर, नदीतल्या राक्षसी माशाचा माग काढणारा गळकरी, नरभक्षकाच्या मागावर निघालेले पथक, अशा कार्यक्रमांचा मी अनेक वर्षे नेमाने प्रेक्षक आहे. तपासायच्या वह्या बाजूला सारून मी ते पाहिले आहेत, आणि त्यांनी मला खिळवून ठेवले हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. परंतु या मनोरंजनाला समीक्षकाने कधी गंभीरपणे हात लावलेला नाही. ज्या गोष्टी आमची मुले रोज तीन तीन तास पाहतात, त्यांतल्या खऱ्याखोट्याचा विचार वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

बेअर ग्रिल्स याचा कार्यक्रम घ्या. हा धाडसी गृहस्थ विमानातून उडी टाकतो, किडे खातो, थंडगार पाण्यात शिरतो. २००७ साली असे उघडकीस आले की, रानात रात्र काढतो आहे असे दाखवलेल्या काही रात्री त्याने निवाऱ्याच्या ठिकाणी, हॉटेलात काढल्या होत्या. त्यानंतर कार्यक्रमाच्या आरंभी, काही प्रसंग जुळवून आणलेले आहेत अशी सूचना येऊ लागली. पुढे १२ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधान मोदी यांच्यासह त्याने कॉर्बेट अभयारण्यात केलेला भाग प्रसारित झाला, तेव्हा या इंग्रजाला हिंदी कसे कळते, असा प्रश्न अनेकांना पडला. कानात बसवलेल्या यंत्रातून भाषांतर ऐकू येत होते, असा खुलासा पंतप्रधानांनी स्वतःच 'मन की बात'मध्ये केला. खुलासा झाला आणि प्रश्न मिटला. युक्ती उघड सांगितली की तिचे पाप उरत नाही.

पण या कार्यक्रमातला मोठा प्रश्न हॉटेलचा नाही. तो माणूस 'मी इथे एकटा आहे' असे म्हणतो, तेव्हा त्याच्यासमोर कॅमेरा धरून कोण उभे असते? कड्यावर तो चढतो त्याआधी कॅमेरेवाला वर पोहोचलेला असतो. पाचवीतल्या एका मुलाने मला हे विचारले होते, आणि त्याच्यापेक्षा चांगली समीक्षा मी आजवर वाचलेली नाही. चावडीवरचा थापाड्या गोष्ट वाढवतो, पण सांगणारा मीच आहे हे लपवत नाही. पडद्यावर सांगणारा लपलेला असतो, आणि तिथे करार मोडतो.

हा रोग आजचा नाही. डिस्नेच्या 'व्हाइट वाइल्डरनेस' या १९५८ सालच्या बोलपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून पाण्यात उड्या घेताना दाखवले आहेत. त्याला ऑस्कर मिळाले. पुढे उघड झाले की ते प्राणी विकत आणून, जिथे ते मुळात राहत नाहीत अशा ठिकाणी नेऊन, माणसांनी पाण्यात ढकलले होते. लेमिंग आत्महत्या करतात ही समजूत मात्र जगभर रुजली ती रुजलीच. २०१७ साली डिस्कव्हरी वाहिनीने जलतरणपटू मायकेल फेल्प्स याची शार्कशी शर्यत लावली. पाहणाऱ्यांना कळले ते असे की शार्क संगणकावर काढलेला होता. लोक रागावले. त्यांचा राग मला योग्य वाटतो. शार्क खोटा होता यापेक्षा, त्याची जाहिरात खऱ्यासारखी केली होती, हे त्यांना लागले.

या सगळ्यांत मला जेरेमी वेड हा गळकरी वेगळा वाटतो. हा एके काळी शाळेत जीवशास्त्र शिकवीत असे, त्यामुळे कदाचित माझा थोडा पक्षपात होत असेल. २००९ ते २०१७ या काळात चाललेल्या 'रिव्हर मॉन्स्टर्स' या त्याच्या मालिकेची घडण ठरलेली आहे: आधी माणसे ओढून नेणाऱ्या माशाची अफवा, मग काळोखे पाणी, भयसूचक संगीत, आणि शेवटी गळाला लागलेला प्रचंड मासा. हिमालयातल्या काली नदीवर तो गेला, तेव्हा चितेवरचे अर्धवट जळालेले देह खाऊन तिथल्या गूंच माशाला माणसाची चटक लागली असावी, असा तर्क त्याने मांडला, आणि सत्तर किलोंहून अधिक वजनाचा गूंच पकडून दाखवला. मासा खरा होता. तर्क तर्कच राहिला. पण शेवटची दृश्ये पाहावीत: ज्याला तासभर राक्षस म्हटले, त्याला हा माणूस पाण्यात दोन्ही हातांनी सावरून धरतो, त्याचा श्वास ठीक होईपर्यंत थांबतो आणि हलकेच सोडून देतो. त्याचा आवाज एक सांगतो आणि हात दुसरेच सांगतात. त्याच्या हातांवर माझा विश्वास बसतो.

या जातीच्या लेखनातला प्रामाणिकपणा कसा असतो हे ज्याला पाहायचे असेल, त्याने जिम कॉर्बेटकडे जावे. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' हे त्याचे पुस्तक १९४४ चे. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळींची नोंद होती. १९०७ साली कॉर्बेटने तिला मारले. पण मारले कसे? त्याच्याजवळची काडतुसे संपली, म्हणून त्याने धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक मागून घेतली. तिच्या नळीत आणि मागच्या भागात फट होती. त्याने वाघिणीच्या उघड्या तोंडावर नेम धरला आणि गोळी लागली पंजाला! वाघीण आधीच्या जखमांनी मरायला टेकली होती म्हणून निभावले. हे सारे तो स्वतः सांगतो. पंजा त्याने गाळला असता तर कोणाला कळणार होते? मेलेल्या वाघिणीचे दात जुन्या गोळीने मोडलेले होते, त्यामुळे तिला नेहमीची शिकार जमेना, हेही तो सांगतो. म्हणजे ज्या जनावराच्या क्रौर्यावर त्याची कीर्ती उभी राहायची, त्याचीच बाजू तो मांडतो. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांना शिकारीचा शौक होता. पण त्यांच्या 'नागझिरा'त रान पाहणे आहे, वाट बघणे आहे, आणि काही न घडणाऱ्या वेळेला मान आहे.

काही न घडणारी वेळ पडद्याला परवडत नाही. शिकार म्हणजे मुख्यतः वाट पाहणे, मासेमारी म्हणजे त्याहून अधिक वाट पाहणे आणि पुष्कळदा रिकाम्या जाळ्याने घरी येणे. पडदा नेमके हेच कापतो. म्हणून मला वाटते की या कार्यक्रमांतली मोठी अतिशयोक्ती जे घातले त्यात नसून जे गाळले त्यात आहे.

हा केवळ रसिकांचा वाद असता तर मी लिहिलेही नसते. नोव्हेंबर २०२० मध्ये आमच्या जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात, बिबट्याने माणसे मारली. ऊस आणि तुरीची राने, ऊसतोडीचा हंगाम, आणि संध्याकाळी पाचनंतर दारे लावून बसलेली गावे, हे आम्ही अनुभवले. पिंजरे लागले, पथके आली, दिवसामागून दिवस पिंजरे रिकामे राहिले. अखेर डिसेंबरात पलीकडल्या करमाळा तालुक्यात नरभक्षक ठरवलेल्या त्या बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्या दिवसांत मी एका वाहिनीवर आमच्याच भागाची बातमी पाहिली. पडद्यावर धावणारा बिबट्या होता, ढोल वाजत होते आणि मागे दिसणारे रान हिरवेगार होते. आमच्याकडे तसे रानच नाही! कुठला तरी साठवणीतला बिबट्या आमच्या नावाने धावत होता. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "गुरुजी, ह्यो तर गावात शिरलाय म्हणं." तिला मी समजावले, पण त्या रात्री तिची सून पहाटेच्या पाळीला शेतात पाणी द्यायला गेली नाही. खऱ्या बिबट्याची भीती पुरेशी होती, तिच्यात उसन्या बिबट्याची भर पडली. आणि पिंजऱ्याजवळ रात्र रात्र जागणारे वनरक्षक, ज्यांच्या हाती काही लागत नव्हते, ते कोणी दाखवले नाहीत. ते दाखवले असते तर लोकांना धीर आला असता.

वर्षभराने, डिसेंबर २०२१ मध्ये, माजलगाव तालुक्यातले लवूळ गाव जगभर गाजले. वानरांनी सूड म्हणून २५० कुत्री मारली, अशी ती बातमी. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, घरांवर नेत होती आणि त्यांतली काही पडून, काही उपाशी राहून मेली, एवढा त्यातला गाभा. एका गावात अडीचशे पिल्ले मोजून ठेवली होती कोणी? वन खात्याने धरून नेली ती वानरे दोन. चावडीवर हा आकडा कोणी सांगितला असता तर दुसऱ्याने हसून "पाचशे म्हण की!" असे म्हटले असते आणि हिशेब मिटला असता. पडद्यासमोर असे म्हणायला कोणी नसते.

कोणी म्हणेल, कलेत निवड आलीच. तासाभरात तीन आठवडे कसे दाखवणार? हा आक्षेप मला चांगला ठाऊक आहे, कारण तो मी स्वतः एकदा स्वतःच्या बचावासाठी वापरला आहे.

माझ्या एका कादंबरीत काळविटाच्या शिकारीचे प्रकरण आहे. एका वृद्ध फासेपारध्याने आपल्या तरुणपणची, म्हणजे १९७२ चा वन्यजीव कायदा येण्यापूर्वीची, हकिगत मला सांगितली होती. फासे कसे बांधायचे, खुंट्या कशा ठोकायच्या, वाऱ्याची दिशा कशी बघायची, हे त्याने जमिनीवर रेघा ओढून दाखवले. मी ते सारे उतरवले. पुस्तक छापून आल्यावर त्याच्या नातवाने त्याला ते प्रकरण वाचून दाखवले. लोकांनी त्याची वाखाणणी केली होती, म्हणून मी थोडा फुशारकीतच त्याच्या पालावर गेलो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गुरुजी, समदं बराबर हाय. पर तुमी काळवीट एका दिसात धरलं. आमाला तीन दिस लागले व्हते. ते दोन दिस कुटं गेले?"

मी त्याला निवडीचे तत्त्व सांगू लागलो. वाचकाला कंटाळा येतो, वेग ठेवावा लागतो, वगैरे. त्याने ऐकून घेतले. "आसंल," तो म्हणाला. "पर त्या दोन दिसात पोरं उपाशी व्हती."

मी एक शब्दही वाढवला नव्हता. काळवीट त्याच्या मापाचेच ठेवले होते, एक वीतभरही मोठे केले नव्हते. पण दोन दिवस गाळल्यामुळे त्याची शिकार माझ्या पुस्तकात मर्दुमकी झाली होती, आणि त्याच्या आयुष्यात ती भाकरी होती. निवड करावी लागते हे खरेच. पण गाळताना एवढे तरी पाहावे, की गाळतो ते कंटाळवाणे म्हणून गाळतो आहोत की ते राहिले तर आपला पराक्रम लहान दिसेल म्हणून. कॉर्बेटने पंजा ठेवला. मला ते दोन दिवस ठेवता आले नाहीत.

तो वृद्ध आता नाही. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघालीच, तर ते प्रकरण तीन दिवसांचे करायचे मी ठरवले आहे. त्याने कथेचा वेग मंदावेल, असे एका मित्राने आताच बजावले आहे. मंदावू दे.