खाली ठेवलेले फावडे

बालकाच्या पहिल्या पावलांची चित्रे पुष्कळ आहेत; त्यांतील बहुतेक केवळ कौतुकापाशी थांबतात. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने जानेवारी १८९० मध्ये रंगविलेले ‘पहिली पावले’ हे चित्र त्यापलीकडे जाते. सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात असताना, ज्याँ फ्रांस्वा मिले या शेतकरीपुत्र चित्रकाराच्या चित्राच्या छायाचित्रावरून त्याने ते केले. ही नक्कल नसून रंगांच्या भाषेत केलेले भाषांतर होय, अशी त्याची धारणा होती. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

प्रसंग साधाच आहे. घराची बाग, कुंपणावर वाळत घातलेले कपडे, एकचाकी ढकलगाडी. आई वाकून बाळाला मागून सावरते. समोर बाप गुडघे टेकून दोन्ही हात पसरतो. मधली थोडी जमीन बाळाने अद्याप ओलांडलेली नाही. रसिकांची दृष्टी तेथेच खिळते. माझ्या मते मात्र चित्राचे मर्म जमिनीवर पडलेल्या फावड्यात आहे. ते खाली ठेवले, म्हणूनच हात पसरता आले.

तुकोबांनी देवाला सोबती म्हटले, तेव्हा तो हात धरून चालवतो, असे सांगितले. ‘चालवणे’ हे प्रयोजक क्रियापद आहे: चालवणारा एक, पण चालणारा दुसराच. कडेवर उचलून नेणे निराळे. होशेयच्या अकराव्या अध्यायातही परमेश्वर एफ्राईमला चालायला शिकवणारा पालक आहे. दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत आहे: धरणाऱ्याचा हात मोकळा हवा.

आता हे चित्र नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा परिसरात आणून पाहावे. या जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. तान्ही मुलेही बरोबर असतात; कित्येकांचे पहिले पाऊल फडाच्या कडेलाच पडते. नवे चालणारे मूल किती पडते, हे आया जाणतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुले तासाला सरासरी १७ वेळा पडत असल्याचे आढळले. फडात भोवती कापलेल्या उसाची धसकटे असतात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात! उचल आधीच घेतलेली असते. मग कोयता खाली कसा ठेवावा?

मिलेचा बाप मनात येताच थांबतो. ती मोकळीक चित्र गृहीत धरते. तेवढ्यापुरते ते अपुरे आहे. तरीही त्याला आत्मसंतुष्ट म्हणता येणार नाही. चित्रकाराला स्वतःचे मूल नव्हते. त्याच्या भावाची, थिओची पत्नी तेव्हा गरोदर होती. ३१ जानेवारी १८९० रोजी पुतण्या जन्मला. त्याला काकाचेच नाव ठेवले. पुढे जुलैमध्ये काका निवर्तला. पुतण्याचे पहिले पाऊल पाहणे त्याच्या वाट्याला आले नाही. त्या पसरलेल्या हातांत सुखाइतकीच ओढही आहे, ती यामुळे अधिक जाणवते.

हे चित्र एखाद्या दिनदर्शिकेवर दिसले, तर बाळाआधी फावड्याकडे पाहावे. ज्यांना कोयता खाली ठेवता येत नाही, त्यांच्या लेकरांचा हात कोणी धरावा, हा प्रश्न मग आपल्या घरातही विचारला जाईल.