स्वादुपिंडातील ऊतिमृत्यू व द्रवसंचयावरील एंडोस्कोपिक स्टेंट उपचार : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
तीव्र स्वादुपिंडदाह हा बहुतांशी पित्ताशयातील खडे व मद्यपान या दोन कारणांनी उद्भवणारा विकार आहे. बहुसंख्य रुग्ण थोड्या दिवसांत बरे होतात. काहींच्या बाबतीत मात्र स्वादुपिंडाचा भाग मृत होतो, भोवती द्रव साचतो आणि त्यात जंतुसंसर्ग झाल्यास प्राणावर बेतते. पूर्वी अशा वेळी पोट उघडून मृत ऊती काढल्या जात. आता तोंडावाटे दुर्बीण घालून जठराच्या भिंतीतून त्या पोकळीत स्टेंट बसविला जातो व साचलेला द्रव जठरात उतरतो. ही पद्धती यशस्वी म्हणून ओळखली जाते. हे यश नेमके कशाचे व कोणत्या अटींवर, याचा विचार उमरेडसारख्या तालुक्याच्या गावातील रुग्णाच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे.

पुराव्याची चिकित्सा :
नेदरलँड्समधील ८८ रुग्णांवरील २०१० च्या चाचणीत थेट शस्त्रक्रियेऐवजी प्रथम निचरा व गरजेनुसार पुढील उपाय हा क्रम स्वीकारला गेला. गंभीर गुंतागुंत अथवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६९ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले; परंतु मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. त्याच देशातील २०१८ च्या चाचणीत ९८ रुग्णांमध्ये दुर्बिणीचा मार्ग व कमीत कमी छेदाची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. मुख्य निकष जवळजवळ सारखाच राहिला (४३ व ४५ टक्के). स्वादुपिंडाच्या फिस्टुलाचे प्रमाण मात्र दुर्बिणीच्या गटात ५ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात ३२ टक्के होते. म्हणजेच दुर्बिणीने मृत्यू टळतो असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. रुग्णाचे हाल कमी होतात, एवढे निश्चित म्हणता येते.

स्टेंटच्या निवडीबाबतही हाच विवेक आवश्यक आहे. धातूचा रुंद स्टेंट व प्लास्टिकचे स्टेंट यांच्या ६० रुग्णांवरील चाचणीत (२०१९) आवश्यक प्रक्रियांची संख्या लक्षणीयरीत्या वेगळी आढळली नाही. स्टेंटमुळे उद्भवणाऱ्या गुंतागुंतीचे प्रमाण मात्र धातूच्या गटात ३२ टक्के, तर प्लास्टिकच्या गटात ७ टक्के होते. पोकळी आक्रसल्यावर धातूचा स्टेंट भोवतालच्या ऊतींना घासतो, रक्तस्राव होतो, कधी तो भिंतीतच रुततो. तिसऱ्या आठवड्यात सी.टी. स्कॅन करून, पोकळी भरून आली असल्यास तो काढण्याचा नियम चाचणीच्या मध्यात लागू झाल्यावर हा फरक उरला नाही. सुरक्षिततेचे श्रेय केवळ उपकरणाला नव्हे, तर वेळेवर केलेल्या पाठपुराव्यालाही आहे.

उमरेडचा संदर्भ :
या उपचाराला एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, क्ष-किरण तज्ज्ञ व शल्यचिकित्सक यांचे सहकार्य लागते. उमरेडच्या रुग्णासाठी याचा अर्थ सुमारे ४५ किलोमीटरवरील नागपूर. शेतमजूर वा कोळसाखाणीतील रोजंदार कामगार पोटदुखी थांबताच कामावर परततो. पुढची फेरी म्हणजे बुडालेली मजुरी व गाडीभाडे. चाचणीतील रुग्णाचा मागोवा संशोधकांचा चमू घेतो, या रुग्णाचा मागोवा कोणी घ्यावा हे ठरलेले नसते. बसविलेला स्टेंट विसरला गेल्यास उपचारच नवा धोका ठरतो.

प्रत्येक द्रवसंचयाला स्टेंट लागत नाही, हेही लक्षात घ्यावे. संसर्ग झालेल्या रुग्णांमध्येही निचरा लांबणीवर टाकलेल्या गटातील ३९ टक्के रुग्ण केवळ प्रतिजैविकांवर सावरले, असे २०२१ च्या चाचणीत दिसून आले. पोकळीभोवती पक्की भिंत तयार होण्यास साधारणतः चार आठवडे लागतात; त्यामुळे प्रकृती परवानगी देत असेल तर थांबणे हाही उपचारच होय.

समारोप :
स्टेंट बसविणे हा या उपचाराचा पूर्वार्ध आहे, तो वेळेवर काढणे हा उत्तरार्ध. म्हणून रुग्णाला घरी सोडतानाच स्टेंट काढण्याची तारीख आणि ताप, रक्ताची उलटी, काळे शौच ही धोक्याची लक्षणे मराठीत लिहून द्यावीत. त्याची नोंद तालुक्याच्या रुग्णालयाकडे व गावच्या आशा सेविकेकडे पोहोचवावी. दुसऱ्या फेरीचा खर्च उपचाराच्या खर्चातच धरावा. या गोष्टी घडतील तेव्हाच चाचणीतील यश उमरेडच्या रुग्णाच्या वाट्याला येईल.