शाळेचे प्रगतिपुस्तक कसे वाचावे?

अमेरिकेत सरकारी खर्चाने चालणाऱ्या प्रत्येक मिडल स्कूलचे, म्हणजे साधारणतः सहावी ते आठवीच्या शाळेचे, एक प्रगतिपुस्तक दरवर्षी प्रसिद्ध होते. गणितात आणि वाचनात किती टक्के मुले ‘प्रवीण’ ठरली, हे त्यात असते. मुलांचे वंश, घरची गरिबी, इंग्रजीची अडचण, अपंगत्व यांची टक्केवारीही असते. तिकडे मूल कोणत्या शाळेत जाणार हे बहुधा राहत्या घरावरून ठरते. त्यामुळे हे आकडे पाहून घर घेणारे पालकही पुष्कळ असतात.

माहिती जाहीर करण्याला आमचा विरोध नाही. आक्षेप आहे तो एका टक्केवारीवरून शाळेला चांगली वा वाईट ठरवण्याला. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ शाळेत २०० मुले आहेत, १६० गरीब घरची व ४० सुस्थितीतील. गरीब मुलांपैकी ८० (५० टक्के) आणि सुस्थितीतील मुलांपैकी ३६ (९० टक्के) प्रवीण ठरली. एकूण ११६, म्हणजे ५८ टक्के. ‘ब’ शाळेतही २०० मुले आहेत, पण गरीब ४० आणि सुस्थितीतील १६०. तेथे गरिबांपैकी १६ (४० टक्के) व इतरांपैकी १३६ (८५ टक्के) प्रवीण ठरली. एकूण १५२, म्हणजे ७६ टक्के. दोन्ही गटांत ‘अ’ शाळा सरस आहे, तरीही एकूण निकालात ‘ब’ शाळा १८ अंकांनी पुढे! संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. वर्गात फळ्यावर करून दाखवावे असे हे गणित आहे.

मग मुलांची पार्श्वभूमी हेच निकालाचे कारण मानावे काय? हा प्रश्न जुना आहे. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली एक मोठी पाहणी झाली. सुमारे ४,००० शाळा आणि ६ लाखांवर विद्यार्थी तीत होते. १९६६च्या अहवालाचा निष्कर्ष असा की, गुणांतील फरकांचा संबंध शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक आहे. सोबतच्या मुलांचाही प्रभाव अहवालाने नोंदवला होता. पण लोकांनी त्यातून सोयीचे तेवढेच उचलले: ‘शाळेने काही फरक पडत नाही.’ ही पाहणी एकाच वेळी घेतलेल्या चाचण्यांवर आधारलेली होती. मूल शाळेत आले तेव्हा कोठे होते आणि पुढे किती सरकले, हे तीतून कळणे शक्यच नव्हते. एका छायाचित्रावरून गाडीचा वेग सांगता येत नाही, तसेच हे.

२००२ साली अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी चाचण्या सक्तीच्या केल्या आणि प्रत्येक उपगटाचा निकाल वेगळा मांडायला लावला. सरासरीआड दडलेली मुले त्यामुळे दिसू लागली, हे श्रेय या कायद्याला दिलेच पाहिजे. पण २०१४पर्यंत सर्व मुले प्रवीण व्हावीत, हे त्याचे उद्दिष्ट अवास्तव होते. शिवाय ‘किती टक्के पार’ या मापाला रेषेच्या फार खालून रेषेजवळ आलेले मूल दिसतच नाही. ज्या मुलांना थोडे ढकलले की ती रेषा ओलांडतील, त्यांच्याकडेच लक्ष देण्याचा मोह अशा मापातून होतो. लहान उपगटांत तर २० मुलांत एक मूल म्हणजे ५ टक्के. तेवढ्याने शाळा सुधारली वा बिघडली म्हणणे शास्त्रीय नाही. २०१५ साली या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. चाचण्या व उपगट मात्र राहिले.

गरिबीचे मापही ढोबळच आहे. कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर शाळेत जेवण मोफत आणि १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत मिळते. अशी मुले ‘गरीब’ या एकाच रकान्यात जातात. अत्यंत हलाखीतील मूल आणि रेषेच्या जरा वरचे मूल यांत मग भेद उरत नाही. २०१४-१५पासून देशभर पात्र शाळांना सर्वच मुलांना मोफत जेवण देण्याची मुभा मिळाली. मुलांच्या दृष्टीने हे उत्तमच झाले, पण त्या शाळांपुरते हे माप आणखी धूसर झाले.

यावर उपाय काय? स्टॅनफर्ड विद्यापीठातील शॉन रिअर्डन यांनी सुमारे ११,००० शाळा-जिल्ह्यांतील तिसरी ते आठवीचे निकाल तपासले. सरासरी गुणांचा घरच्या आर्थिक-सामाजिक स्थितीशी संबंध घट्ट होता. वर्षागणिक होणाऱ्या वाढीशी मात्र तो बराच सैल होता. शिकागोतील बहुसंख्य मुले गरीब घरची आहेत. तेथील मुलांनी पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांइतकी प्रगती केल्याचे त्यांना आढळले. केवळ सरासरी पाहणाऱ्याने त्या शाळांवर नापासाचा शिक्का मारला असता. अर्थात वाढीचे मापही निर्दोष नाही. लहान शाळेत ते दरवर्षी वरखाली होते, म्हणून अनेक वर्षांचे आकडे एकत्र पाहावे लागतात.

आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की १०० टक्के निकालाच्या शाळांचे कौतुक होते. तेथे प्रवेश कोणाला मिळाला आणि नववीत किती मुले गळाली, हे सहसा कोणी विचारत नाही. शिक्षकांनी निदान आपल्या वर्गापुरते तरी जूनमध्ये आणि मार्चमध्ये सारख्याच काठिण्याची चाचणी घ्यावी आणि प्रत्येक मुलाचा फरक वहीत मांडावा. ३०वरून ५०वर आलेल्या मुलाची आणि ८५वर थांबलेल्या मुलाची नोंद त्या वहीत शेजारी-शेजारी दिसेल. पुढच्या वर्षी कोणाकडे कसे लक्ष द्यायचे, हे ठरवायला शाळेच्या एकूण टक्केवारीपेक्षा तिचाच उपयोग अधिक होईल.