चरितार्थ, कसब आणि संबोधन

आपल्याकडील कविचरित्रांत एक वाक्य हमखास आढळते. जन्म, शिक्षण, विवाह यांची नोंद झाली की 'उपजीविकेसाठी त्यांनी अमुक ठिकाणी नोकरी केली' असे लिहून चरित्रकार मोकळा होतो आणि पुढील परिच्छेदात काव्याकडे वळतो. नोकरीचा उल्लेख पुन्हा झालाच तर तो हळहळीच्या सुरात होतो : ती नसती तर आणखी किती लिहून झाले असते! या हळहळीमागे एक न बोललेला सिद्धान्त आहे. कला आणि चरितार्थ हे दिवसाच्या चोवीस तासांवर हक्क सांगणारे दोन दावेदार असून एकाला मिळालेला तास दुसऱ्याने गमावलेला असतो, असा तो सिद्धान्त होय. त्याची थोडी तपासणी येथे करावयाची आहे. साधने भाषाशास्त्राची आहेत, कारण प्रस्तुत लेखकास तीच थोडीफार वापरता येतात.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'चरितार्थ' हा संस्कृतात विशेषण म्हणून येतो. ज्याचे प्रयोजन सिद्ध झाले आहे तो चरितार्थ. मराठीने त्याचे नाम केले आणि अर्थ ठरविला पोट भरणे. जीविताची सफलता सांगणारा शब्द महिन्याच्या वाणसामानाशी येऊन थांबला. याच्या नेमका उलट प्रवास 'कसब' या शब्दाचा. मूळ अरबीत 'कस्ब' म्हणजे मिळविणे, कमाई. मराठीत 'कसब' म्हणजे हातातील कौशल्य. येथे कमाईचा शब्द कलेकडे गेला. (अर्थात 'कसबीण' या शब्दाने जुन्या अर्थाची आठवण फार निष्ठुरपणे जपून ठेविली आहे.) 'वृत्ति' हा शब्द तर उपजीविका, मनाची ठेवण आणि ग्रंथावरील विवरण हे तिन्ही अर्थ एकाच वेळी वागवितो, आणि 'छंद' हा कवितेचे मापही आहे आणि फावल्या वेळेचा नादही. केवळ व्युत्पत्तीवरून वाङ्मयीन निर्णय देणे धोक्याचे असते, हे विद्यार्थ्यांस आपण वारंवार बजावतो. तेव्हा येथे एवढेच म्हणावे की टीकाकारांनी जी भिंत गृहीत धरली आहे ती मराठी बोलणाऱ्यांच्या शब्दसंग्रहात कोठेही बांधलेली दिसत नाही.

वेळेच्या सिद्धान्ताविषयीची माझी शंका स्वानुभवातून आली. ऐन पंचविशीत मी एका कार्यालयात परिपत्रकांचे मराठी भाषांतर करण्याचे काम दोन वर्षे केले. त्या काळात मी कविता लिहीत असे. काम हलके होते, साडेपाचला सुटका होई, संध्याकाळी टेबल, दिवा आणि कागद माझे होते. वेळेची तक्रार करण्यास जागाच नव्हती. तरीही दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस वह्या चाळताना लक्षात आले की माझ्या कवितांतून कर्ता नाहीसा झाला आहे. 'करण्यात यावे', 'निदर्शनास आले आहे' ही रचना कोणी केले, कोणी पाहिले हे सांगण्याचे टाळण्यासाठीच घडविलेली असते. आदेश कार्यालयाचा असतो, माणसाचा नसतो. दिवसभर अशी वाक्ये लिहिणाऱ्या माणसाच्या कवितेत पाऊस पडू लागला तो जणू पडत असल्याचे निदर्शनास आले म्हणून. मी कविता सोडली. ती फारशी चांगली नव्हती, तेव्हा मराठीचे नुकसान झाले नाही. परंतु निरीक्षण उरले. नोकरीने माझा वेळ घेतला नव्हता. रोज कोणाशी, कोणत्या नात्याने बोलावयाचे याची सवय तिने मला लावली होती, आणि ती सवय माझ्याबरोबर घरी येत होती.

हे निरीक्षण घेऊन संतकाव्याकडे गेल्यास चित्र बदलते. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार : या मालिकेविषयी लिहिताना आपण त्यांच्या धंद्यांतील हत्यारे आणि कृती रूपक होऊन अभंगांत कशा आल्या एवढेच दाखवितो. ते खरेच आहे, पण अनेकदा सांगून झाले आहे. मला अधिक महत्त्वाचे वाटतात ते चोखामेळ्यांच्या नावावरील 'जोहारा'चे अभंग. चोखोबा 1338 साली मंगळवेढ्यास कूस कोसळून वारले असे परंपरा सांगते. गावकीच्या ज्या कामावर त्यांच्या जातीचे पोट अवलंबून ठेवलेले होते त्यात हत्याराचे रूपक करावे असा अभिमान समाजाने शिल्लक ठेविला नव्हता. मग कामातून कवितेत काय आले? वरिष्ठासमोर उभे राहून करावयाचा मुजरा आणि त्यापुढे द्यावयाची वर्दी. अभंगात हा मुजरा विठ्ठलास केला जातो. वरवर पाहता ही लीनता आहे. परंतु धनी बदलताच गावच्या पाटलाचा त्या संबोधनावरील हक्क संपतो. एकनाथांनीही (1533-1599) जोहार रचले. तेथे मात्र ब्राह्मण कवी ते संबोधन भारुडातील सोंगासारखे धारण करतो. त्याला ते उतरवून ठेवता येते. दोन्ही रचना शब्दांनी जवळच्या आहेत, आणि केवळ शब्दसूची करणाऱ्या अभ्यासकास त्यांतील अंतर दिसणार नाही. (मीही अशी एक सूची केली होती; ती कपाटात आहे.)

आधुनिक काळात याच दृष्टीने नारायण सुर्वे (1926-2010) वाचावेत. गिरणीकामगाराने सांभाळलेले हे अनाथ मूल स्वतः गिरणीत राबले, मुंबईच्या महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई झाले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' (1962) आणि 'माझे विद्यापीठ' (1966) या संग्रहांवर लिहिताना आपण गिरणी, भोंगा, संप हे शब्द मोजतो. परंतु त्यांची 'मास्तर, तुमचंच नाव लिवा' ही कविता पाहा. मुलाला शाळेत घालण्यास आलेली वेश्या बापाच्या रकान्यापाशी अडते आणि मास्तरांशी बोलते. येथे बोलणारी ती आहे. मास्तर ऐकणारा आहे. शिक्षकाच्या धंद्याने कवीला शब्द पुरविला तो फार तर 'मास्तर' एवढाच. खरे दिले ते ऐकण्याचे स्थान : प्रवेशाच्या टेबलापलीकडची खुर्ची, पुढे छापील रकाना, आणि त्यात न मावणारे एक माणूस. ज्याने त्या खुर्चीशेजारी शिपाई म्हणून उभे राहण्याचे व पुढे त्याच व्यवस्थेत शिकविण्याचे, अशी दोन्ही कामे केली त्याला तो रकाना दोन्ही बाजूंनी ठाऊक होता. नोकरीने सुर्व्यांच्या कवितेतून किती तास नेले हे कोणी मोजलेले नाही. हे स्थान नोकरीवाचून मिळाले असते असे मात्र मला वाटत नाही.

अरुण कोलटकर (मृत्यू 2004) यांचे उदाहरण अधिक अवघड आहे, म्हणून अधिक उपयोगाचे. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या कोलटकरांनी जाहिरातीच्या धंद्यात कलादिग्दर्शक म्हणून नाव मिळविले. म्हणजे त्यांचा दिवस कलेतच जाई, फक्त ती विकलेली कला होती. अशा माणसाच्या बाबतीत 'दिवसा पोट, रात्री कला' ही वाटणी मुळातच लागू पडत नाही. त्यांनी कमावलेला हात आणि डोळा कवितेच्या पुस्तकांच्याही उपयोगी पडला : 1976 साली चार कवींनी मिळून मुंबईत 'क्लिअरिंग हाऊस' ही छोटी प्रकाशनसंस्था काढली, तिच्या पुस्तकांची मांडणी त्यांची आहे. त्याच वर्षी आलेल्या 'जेजुरी'ला 1977 मध्ये राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला, आणि 1977 मध्येच 'अरुण कोलटकरच्या कविता' हा मराठी संग्रह निघाला.

जाहिरात गिऱ्हाइकाशी गोड बोलते. तिला नाही म्हणण्याची सोय नाही. कोलटकरांची मुंबईच्या हिंदीत लिहिलेली एक प्रसिद्ध कविता मॅनेजरकडे पगार मागावयास गेलेल्या नोकराच्या तोंडी आहे. मॅनेजर कंपनीच्या नियमावर बोट ठेवतो, पगार एक तारखेला. नोकर टेबलावरचे त्याचे घड्याळ उचलतो आणि आपलाही एक नियम असल्याचे सांगतो. 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, 'मॅनेजर' इंग्रजीतून, क्रियापदे हिंदीची, आणि धीटपणा त्या शहराचा. ही भाषा कोणत्याही जाहिरातीत त्या काळी छापली गेली नसती. दिवसाची नोकरी ज्या सुरात बोलावयास लावते त्याच्या बरोबर उलटा सूर या कवितेत आहे. नोकरीतील संबोधन येथे प्रतिबिंब होऊन येत नाही, ते उलटवले जाऊन येते. हेतूविषयी मी काही म्हणत नाही. कवितेतील बोलणाऱ्यांच्या नात्याविषयी म्हणतो.

या विवेचनाला दोन अडथळे आहेत. पहिला केशवसुतांचा. ते (1866-1905) आयुष्यभर मास्तरकी करीत मुंबईपासून धारवाडपर्यंत हिंडले आणि हुबळीस प्लेगने गेले. हयातीत त्यांचा संग्रह निघाला नाही. त्यांच्या कवितेतील ललकारी वर्गातल्या मास्तराची नाही, आणि वर्गाला उलटून दिलेले उत्तरही नाही. माझी उपपत्ती तेथे गप्प बसते. दुसरा अडथळा बहिणाबाई चौधरींचा (मृत्यू 1951). शेत, चूल आणि जाते या तिन्हींनी त्यांच्या ओव्यांना श्रोताही दिला आणि लयही. काम आणि गाणे एकाच हाताने चालले. येथे कोणी आनंदाने म्हणेल की पाहा, समतोल असा असतो. पण त्या निरक्षर होत्या. सोपानदेवांनी व घरच्या माणसांनी जे टिपून ठेवले तेवढेच 1952 साली पुस्तकात आले. जात्यावर आणखी जे गायिले गेले ते पिठाबरोबर गेले, आणि वेळेचा सिद्धान्त, ज्याला मी आरंभी इतक्या सहज बाजूला सारले, तो येथे परत येऊन समोर उभा राहतो. लिहिण्यास फुरसत आणि अक्षर लागते. ती दोन्ही कोणाच्या घरी होती हा प्रश्न संबोधनाच्या विवेचनाने सुटत नाही.

गेल्या वर्षी आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. पदव्युत्तर परीक्षा उत्तम तऱ्हेने उत्तीर्ण होऊन तो सध्या तीन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवितो. म्हणजे जितके तास उभा राहील तितक्यांचेच पैसे, आणि सुट्टीचे काही नाही. लिहितोस का, असे मी विचारले. त्याने वही काढून दिली आणि म्हणाला, "सर, वेळ नाही हो." मी वही घरी आणून वाचली. सतरा कविता होत्या. त्यांपैकी अकरांत बोलणारा कोणाची तरी परवानगी मागत होता : शिपायाची, पावसाची, एका ठिकाणी स्वतःच्या सावलीची. त्याला ते माहीत नव्हते. त्या अकरा कवितांवर मी पेन्सिलीने खूण केली आहे, आणि पुढच्या भेटीत त्याला काय सांगावे याचा विचार अजून करीत आहे. कारण त्या अकराच चांगल्या आहेत.