ठेवा सापडला, पक्षी मात्र राहिला

२ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरपर्यंत जाणारी चूक दहाएक मीटरांवर आली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर यांनी झाडीत एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश सर्वांना कळवले. जिओकॅशिंग हा खेळ असा सुरू झाला. दिलेल्या आकड्यांवरून जागा गाठायची, लपवलेली डबी शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचे आणि डबी होती तशी ठेवायची.

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलुखात एखाद्या छोट्या गावाभोवती हाच खेळ पक्ष्यांच्या नावाने मांडतात. प्रत्येक ठिकाणाला एक पक्षी. कल्पना मोहक आहे, आणि आपल्याकडे कोणी उत्साही शिक्षक ती उचलतीलही. म्हणून ती आधी तपासून पाहू.

समजा, हा खेळ अर्धापूरला मांडला. पहिला फायदा भूगोलाचा, आणि तो खराच आहे. अक्षांशातील दशांश चिन्हानंतरचा चौथा आकडा एकाने बदलला की माणूस अकरा मीटर सरकतो. रेखांशात तेवढ्याच बदलाने अर्धापूरला साडेदहा मीटरच सरकतो, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात. पुस्तकात न उमगलेली ही गोष्ट केळीच्या बागेचा बांध चुकल्यावर चटकन उमगते.

पण पक्ष्यांचे काय? डबीवर सुगरणीचे चित्र आहे, विहिरीवरच्या बाभळीजवळ ती सापडली, वहीत नाव लिहिले, मुले पुढच्या डबीकडे पळाली. वर पाहिले का? पाहण्याची गरजच नव्हती. खेळाने बक्षीस पोहोचण्याला ठेवले आहे, पाहण्याला नाही. माझा मुख्य आक्षेप हाच. डबी दोन आकड्यांत सापडते. पक्ष्याला तिसरा आकडा लागतो, वेळेचा. शेताला कालव्याचे पाणी सुटले की भिजलेल्या मातीतून किडे वर येतात आणि त्यामागे गायबगळे उतरतात. पाणी बंद झाले की तीच जागा रिकामी. अक्षांश तोच, रेखांश तोच.

यावर तोड भूशास्त्रज्ञांनी काढलेली आहे. २००४ साली ऑस्ट्रेलियातच पहिला 'अर्थकॅश' मांडला गेला. त्यात डबी नसतेच. त्या जागी जाऊन खडक पाहून प्रश्नांची उत्तरे द्यायची, हाच ठेवा. पक्ष्यांसाठी हे जसेच्या तसे चालणार नाही, कारण खडक उडून जात नाही. पण दिशा बरोबर आहे.

त्याच बाभळीचे पाहा. पावसाळ्यात सुगरणीचा नर घरटे अर्धवट, टोपीच्या आकाराचे विणतो. मादी येऊन पाहते. तिने पसंत केले तर नर खाली नळी काढून ते पुरे करतो. नाही तर ते बहुधा तसेच लोंबकळत राहते. म्हणून मुलांना विचारावे : आज टोप्या किती, नळीची किती? पुढच्या शनिवारी किती? हे उत्तर चित्रावरून देता येत नाही, आणि एका फेरीतही मिळत नाही. सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला सुगरणीच्या एका वसाहतीकडे किती दिवस पाहिले, तेव्हा कुठे एक नर एकामागून एक अनेक माद्यांशी संसार मांडतो हे उलगडले.

आणखी एक उणीव. या खेळात डबी न सापडणे म्हणजे हार. पक्षिनिरीक्षणात पक्षी न दिसणे हीसुद्धा नोंद असते. भारतात २०१३पासून फेब्रुवारीत होणाऱ्या पक्षिगणनेत किमान पंधरा मिनिटे एका जागी पाहून दिसलेल्या सर्व जाती लिहायच्या असतात. त्यामुळे यादीत नीलकंठ नसला तर त्यालाही अर्थ येतो. शाळेने ही पंधरा मिनिटे खेळात घातली तर निम्मे दोष जातील. मुले कंटाळतील हे कबूल. पहिल्या पाच मिनिटांत तर नक्कीच.

डब्या ठेवायच्याच असतील तर उघड्या माळावर नकोत, निदान मार्च ते ऑगस्ट नकोत. टिटवी खड्यांमध्ये जमिनीवरच चार अंडी घालते. ती इतकी मातीच्या रंगाची असतात की डबी शोधणाऱ्या तीस मुलांच्या पायांना ती आधी सापडतील, डोळ्यांना नंतर.