काम्पुंगमधील घर आणि जमीन : जावाविषयक लेखनाची एक चिकित्सा

जावा बेटावरील शहरांच्या अंतर्भागातील दाट लोकवस्तीला 'काम्पुंग' म्हणतात. मराठीत या संज्ञेला चपखल प्रतिशब्द मिळत नाही. 'झोपडपट्टी' म्हटले तर तेथील पक्की घरे, कारकून, शिक्षक, छोटे व्यापारी हे सारे दृष्टिआड होते. 'आळी' किंवा 'वाडी' म्हटले तर जागेच्या मालकीविषयीची अनिश्चितता हरवते. गंमत अशी की हा शब्द मराठी बोलण्यात केव्हाच रुळलेला आहे. इंग्रजीमार्गे आलेल्या 'कंपाउंड'चे मूळ व्युत्पत्तिकार सहसा मलय भाषेतील 'काम्पुंग'मध्ये शोधतात. मराठीत कंपाउंड म्हणजे कुंपणाची भिंत, मालकीची ठळक खूण. योग्यकर्ता वा सुराबाया येथील काम्पुंगमध्ये नेमकी हीच खूण दुर्मीळ असते. घराला घर लागलेले, गल्ली जेमतेम दुचाकी जाईल एवढी, आणि धुणी-भांडी, पोरांचे खेळ, खाद्यपदार्थांची विक्री हे सर्व त्या गल्लीतच.

या जीवनावर १९७० नंतर जे महत्त्वाचे लेखन झाले, त्याचा मध्यवर्ती शब्द आहे 'रुकुन', म्हणजे सलोखा. पॅट्रिक गिनिस यांचा 'हार्मनी अँड हायरार्की इन अ जावनीज काम्पुंग' (१९८६) हा ग्रंथ या परंपरेचा मानदंड मानला जातो. योग्यकर्त्यातील चोदे नदीच्या काठी, उतारावर वसलेल्या वस्तीचे हे वर्णन आहे. वरच्या अंगाला रस्त्यालगत राहणारे आणि खाली नदीकाठी राहणारे यांच्यातील सामाजिक अंतर गिनिस बारकाईने टिपतात. 'स्लामेतान'चे सामूहिक भोजन, 'आरिसान' नावाची भिशी, रात्रीची गस्त यांचे तपशीलही त्यांच्याकडे विपुल आहेत. तथापि वाचकाला एक प्रश्न सतत पडत राहतो : ही जमीन कोणाची? गिनिस यांच्या मांडणीत मालकी ही पार्श्वभूमी राहते, कथानकात उतरत नाही. सलोखा हा जणू जावी स्वभावाचा गुण आहे, असा समज त्यामुळे नकळत पक्का होतो.

वास्तविक येथील मालकीची रचना विलक्षण गुंतागुंतीची आहे. वसाहतकाळात, १८७० च्या जमीन कायद्याबरोबर, ज्या जमिनीची मालकी सिद्ध होत नाही ती सरकारची, असे तत्त्व डचांनी रूढ केले. स्वतंत्र इंडोनेशियाने १९६० च्या मूलभूत भूमी कायद्याने (क्रमांक ५) ते रद्द केले व 'हाक मिलिक' म्हणजे पूर्ण मालकी, 'हाक गुना बांगुनान' म्हणजे बांधकामापुरता हक्क, 'हाक पाकाइ' म्हणजे वापराचा हक्क अशी वर्गवारी लावली. योग्यकर्त्यात हा कायदा पूर्णपणे लागू व्हायला १९८४ साल उजाडले, कारण तेथे सुलतानाची जमीन होती. त्या जमिनीवर परवानगीने राहणारा तो 'मागेरसारी'. खाजगी मालकाच्या जमिनीवर स्वतःचे घर बांधून राहणारा 'ङिंदुंग' करतो असे म्हणतात. म्हणजे घर एकाचे, त्याखालची जमीन दुसऱ्याची. जावाच्या 'आदात' परंपरेत या दोहोंचे वेगळेपण मुळातच मान्य आहे. नदीने गाळ टाकून तयार केलेल्या काठाच्या पट्ट्याला 'वेदी केंगसेर' असे स्वतंत्र नाव आहे. सर्वांत गरीब माणसे नेमकी तेथे येऊन राहिली.

ज्याच्या हाती मालकीपत्र नाही त्याला शेजाऱ्यांची साक्ष लागते, गल्लीप्रमुखाची सही लागते. ही बाब ध्यानात घेतली की 'रुकुन'चा अर्थ बदलतो. गस्तीवाल्यांसाठी प्रत्येक घराबाहेर ठेवला जाणारा मूठभर तांदूळ, 'जिंपितान', सांस्कृतिक प्रथा तर आहेच. त्याबरोबर या घरी अमुक कुटुंब राहते आणि ते वस्तीचे देणे देते, याची ती रोजची नोंदही आहे. जॉन सलिव्हन यांनी 'लोकल गव्हर्नमेंट अँड कम्युनिटी इन जावा' (१९९२) या ग्रंथात शासनाकडे बोट दाखवून या चर्चेला वेगळे वळण दिले. शेजारगटांची जी व्यवस्था, 'आरटे' आणि 'आरवे', आज परंपरेचा भाग वाटते, तिची बीजे जपानी अंमलात १९४४ साली आणलेल्या शेजारसंघांत आहेत. सलिव्हन यांचे हे प्रतिपादन मोलाचे असले, तरी त्यांच्या लेखनात माणसे थोडी पुसट होतात. शासनाने दिलेला साचा रहिवाशांनी आपल्या गरजेसाठी कसा वाकवला, हे त्यात पुरेसे दिसत नाही.

ते दिसते जॅन न्यूबेरी यांच्या 'बॅक डोअर जावा' (२००६) मध्ये. येथे घराला दोन दारे आहेत. पुढचे दार पाहुण्यांसाठी, अधिकाऱ्यांसाठी, क्रोमो म्हणजे आदराच्या बोलीसाठी. मागचे दार शेजारणींसाठी. उसनी साखर, सांभाळायला दिलेले मूल, भिशीचे पैसे, कोणाच्या घरी काय शिजते याची बातमी हे सर्व मागच्या दाराने ये-जा करते. मालमत्तेचा विचार करताना न्यूबेरी दस्तऐवजांपाशी थांबत नाहीत. घर कोण चालवते, ही त्यांची कसोटी. चर्चिलेल्या ग्रंथांत हा सर्वांत टिकाऊ ठरावा.

ली जेलिनेक यांचा 'द व्हील ऑफ फॉर्च्यून' (१९९१) हा जाकार्ताच्या केबोन काचांग या काम्पुंगचा इतिहास. फेरीवाले, तीनचाकी बेचाक चालवणारे, स्वयंपाक करून विकणाऱ्या बायका यांचे उदयास्त त्यात आहेत. अखेर १९८० च्या दशकाच्या आरंभी वस्ती पाडून तेथे सदनिका उभ्या राहतात. जेलिनेक यांची निष्ठा निःसंशय आहे. खटकते ते शीर्षकातील चाक. जयवंत दळवी यांच्या 'चक्र' (१९६३) या मुंबईतील झोपडपट्टीवरील कादंबरीशी येथे तुलना अपरिहार्य होते. दोन भाषांतील, परस्परांशी संबंध नसलेल्या दोन लेखकांना एकच प्रतिमा सुचावी, हे सूचक आहे. दळवींच्या कादंबरीत चक्राला अटळतेची, वासना आणि भूक यांच्या पुनरावृत्तीची बैठक आहे, म्हणून ती प्रतिमा तेथे शोभते. इतिहासग्रंथात तीच प्रतिमा अडचणीची ठरते. दैवाचे चाक कोणी फिरवत नाही. केबोन काचांग पाडण्याचा निर्णय मात्र कार्यालयात झाला होता. जेलिनेक यांनी जमवलेला पुरावाच त्यांच्या शीर्षकाविरुद्ध साक्ष देतो.

या सर्व लेखनाच्या शेजारी वाय. बी. मांगुनविजया (१९२९–१९९९) यांना ठेवून पाहायला हवे. ते कॅथलिक धर्मगुरू, वास्तुरचनाकार आणि 'बुरुंग-बुरुंग मान्यार' (१९८१) या गाजलेल्या कादंबरीचे लेखक. १९८० च्या दशकात ते चोदेकाठच्या वस्तीत राहायला गेले. नगरप्रशासन ती वस्ती उठवू पाहत होते, तेव्हा त्यांनी उपोषणाचा इशारा दिला. बांबू आणि लाकडाची त्रिकोणी घरे रहिवाशांनी उभारली, कलाविद्यार्थ्यांनी ती रंगवली. १९९२ साली या वस्तीला आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला. समीक्षक बहुधा येथे सौंदर्याविषयी बोलतात. वस्तुतः रंगवलेले घर हा एक दावा असतो : ज्या काठावर कोणाच्याही नावे कागद नव्हता, तेथे ही घरे लोकांच्या आणि पुलावरून जाणाऱ्यांच्या नजरेत भरू लागली, आणि जे नजरेत भरते ते गुपचूप पाडता येत नाही. मानवशास्त्रज्ञांनी सलोख्याच्या भाषेत जे मांडले आणि जेलिनेक यांनी दैवाच्या भाषेत, ते मांगुनविजया यांनी भिंतींवर लिहिले. पुढे २०१२ च्या तेराव्या कायद्याने योग्यकर्त्याच्या सुलतानशाहीला जमिनीची धारक म्हणून मान्यता मिळाली आणि जुन्या मागेरसारी कुटुंबांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्या कुटुंबांची कादंबरी अजून तुलनाकारांच्या वाचनयादीत आलेली नाही.